बोटं दहा, अंगठ्या अकरा

सात नंबर, उभा राहा. बाकातून बाहेर ये, म्हणजे सगळ्यांना दिसशील. आणि तो तक्ता काढायची घाई करू नकोस, राहू दे भिंतीवर. काल स्टुलावर चढून चारही कोपऱ्यांना सेलोटेप मारत होतास, तेव्हा लाज वाटली नाही. आता कसली वाटतेय?

वाच. मोठ्याने वाच, एरवी तुझा आवाज गेटापर्यंत जातो. ‘जगातले सर्वश्रेष्ठ बास्केटबॉलपटू.’ खाली रकाने दोन, एक नावाचा आणि एक विजेतेपदांचा. बिल रसेल 11. मायकल जॉर्डन 6. लेब्रॉन जेम्स 4. विल्ट चेंबरलेन 2. जेरी वेस्ट 1. एल्जिन बेलर शून्य, चार्ल्स बार्कली शून्य. शून्यांना लाल स्केचपेनने गोलही काढलायस, हौस बघा. आणि सगळ्यात खाली पेन्सिलीने ‘आपला अकरा नंबर: गुण 26, ट्रॉफी 0’. हसू नका रे. जो हसेल तो याच्या शेजारी येऊन उभा राहील.

मी तुम्हाला सकाळी गणित शिकवते आणि संध्याकाळी बास्केटबॉल. आज तू दोन्ही विषयांत नापास झालायस, म्हणून दोन्ही तास एकदमच घेते.

आधी गणित. नियम तुझाच, ज्याची विजेतेपदं जास्त तो मोठा. मग रसेलच्या खाली जॉर्डन कसा आला? बोस्टन सेल्टिक्समध्ये रसेलच्याच बरोबर सॅम जोन्स नावाचा गडी होता, त्याची 10. के. सी. जोन्सची 8. टॉम हाइन्सनची 8, सॅच सँडर्सची 8, जॉन हॅवलिचेकची 8. रॉबर्ट हॉरीची 7, ह्यूस्टनकडून दोन, लॉस एंजेलिसकडून तीन आणि सॅन अँटोनिओकडून दोन. हा हॉरी ऑल-स्टार सामन्यासाठी एकदाही निवडला गेला नाही. मोक्याच्या क्षणी पठ्ठ्या लांबून चेंडू घालायचा, चांगला खेळाडू होता, त्याबद्दल वाद नाही. पण तुझ्या नियमाने तो जॉर्डनच्या वर बसतो. बसवशील? मान हलवतोयस. म्हणजे तक्ता करताना तुलाही ठाऊक होतं की नुसत्या आकड्याने भागत नाही. आवडते तेवढे घेतलेस, नावडते गाळलेस, आणि वर ‘सर्वश्रेष्ठ’ लिहिलंस. गणितात याला चोरी म्हणतात.

आता छेद. अंश लिहिलास, छेद कुठाय? रसेल आला 1956 साली. तेव्हा एनबीएत संघ किती होते? आठ. 1957 ची पहिली चॅम्पियनशिप जिंकायला बोस्टनला दोन मालिका पुरल्या. आज संघ तीस आहेत, फेऱ्या चार आणि एकूण सोळा सामने जिंकावे लागतात. म्हणजे रसेलचं काम सोपं होतं? तसं मी म्हटलेलं नाही. आठच संघ, म्हणजे दुबळा असा कुणी नाहीच, दर दोन दिवसांनी समोर कुणीतरी दांडगा. मी फक्त एवढंच म्हणते की 11 आणि 6 एकाखाली एक मांडून वजाबाकी करता येत नाही. मीटरमधून लिटर वजा करायचे नाहीत, हे तुला पाचवीत शिकवलंय.

बरं, लेब्रॉन. परवा व्हरांड्यात तुमचा वाद चालला होता, मी स्टाफरूममधून ऐकत होते. एक म्हणाला, जॉर्डन फायनलमध्ये सहापैकी सहा, लेब्रॉन दहापैकी चार, म्हणजे लेब्रॉन सहा वेळा कच खाल्लेला. ठीक. जॉर्डनचा संघ 1985, 1986, 1987 अशी ओळीने तीन वर्षं पहिल्याच फेरीत गारद झाला होता. 1986 मध्ये बोस्टनच्या कोर्टावर त्याने एकट्याने 63 गुण केले, तरी सामना गेला आणि मालिकाही तीन-शून्य गेली. पुढची तीन वर्षं डेट्रॉइटने त्याला वर सरकू दिलं नाही. या हारी तुमच्या हिशेबात कुठे आहेत? कुठेच नाहीत, कारण त्या फायनलमधल्या नव्हेत. म्हणजे तुमच्या मते पहिल्या फेरीत घरी जाणाऱ्याची पाटी कोरी आणि शेवटपर्यंत पोचून हरणाऱ्याच्या पाटीवर डाग. घटक चाचणीत पडला त्याला माफ, वार्षिक परीक्षेत दुसरा आला त्याला छड्या! 2015 च्या फायनलमध्ये लेब्रॉनचे दोन मोठे साथीदार जायबंदी होते. केविन लव्ह आधीच गेलेला, कायरी अर्व्हिंग पहिल्या सामन्यात गेला. लेब्रॉनने सामन्यामागे जवळजवळ 36 गुण केले, तरी संघ हरला. तुझ्या तक्त्यात त्याचं काय? काही नाही. पुढच्या वर्षी, मोसमात 73 सामने जिंकलेल्या गोल्डन स्टेटविरुद्ध एक-तीन असा मागे पडून तो जिंकला. तुझ्या तक्त्यात त्याचंही तेच, एक. हॉरीच्या सातातल्या कुठल्याही एकासारखा एक.

आणि त्याच 73 विजयांच्या संघात 2016 साली केविन ड्युरंट जाऊन बसला. 2017, 2018, दोन चॅम्पियनशिप, दोन्ही वेळा फायनलचा सर्वोत्तम खेळाडू. मग तुमच्यासारखेच मोजणारे म्हणाले, ही खरी नव्हेत, आयत्या पिठावर रेघोट्या ओढल्या. अरे, मोजता की मोजत नाही, एकदाच काय ते ठरवा. नसली की म्हणायचं अंगठी कुठाय, मिळवली की म्हणायचं ही नाही चालत. अमेरिकेत चॅम्पियन संघातल्या प्रत्येकाला अंगठी देतात म्हणून ही भाषा, ‘रिंग किती’. आपल्याकडे रिंग म्हणजे ते वरचं लोखंडी कडं. तुझा चेंडू सहसा ज्याच्या बाहेरून जातो ते.

त्या लोखंडी रिंगेवरूनच आता बास्केटबॉलचा तास सुरू करू. बस खाली. नको, उभाच राहा.

1962 चा एप्रिल. बोस्टन, फायनलचा सातवा सामना. समोर लॉस एंजेलिस लेकर्स, म्हणजे तुझ्या तक्त्यातला शून्यवाला बेलर आणि एकवाला वेस्ट. त्याच मालिकेच्या पाचव्या सामन्यात, याच बोस्टनमध्ये, बेलरने 61 गुण केले होते. फायनलच्या एका सामन्यात त्याहून जास्त गुण आजपर्यंत कुणी केलेले नाहीत. सातव्या सामन्यात धावफलक 100-100, चेंडू लेकर्सकडे, शेवटची काही सेकंदं उरलेली. फ्रँक सेल्वीला मोकळी जागा मिळाली. सेल्वी म्हणजे लेचापेचा नव्हे. कॉलेजात असताना एका सामन्यात त्याने पुरे 100 गुण केले होते, आणि या सामन्यातही बरोबरी साधून देणाऱ्या बास्केट त्याच्याच होत्या. त्याने शॉट मारला. चेंडू रिंगेवर आपटला आणि बाहेर पडला. जादा वेळेत बोस्टन 110-107 ने जिंकलं.

आत पडला असता तर? बेलर 1, वेस्ट 2, रसेल 10. तुझा तक्ता तिघांच्या बाबतीत चुकला असता. आणि त्या रात्री ते तिघे जसे खेळले होते, त्यात काडीचा फरक पडला नसता.

सात वर्षं पुढे ये. 1969, पुन्हा हेच दोन संघ आणि पुन्हा सातवा सामना, पण आता लॉस एंजेलिसमध्ये. लेकर्सच्या मालकाने छताला हजारो फुगे टांगून ठेवले होते. जिंकलो की सोडायचे म्हणून! लग्नाआधीच बारशाची तयारी. सामन्याच्या शेवटी-शेवटी बोस्टनच्या डॉन नेल्सनच्या हातात निसटता चेंडू आला, त्याने तो वर फेकला. चेंडू रिंगेच्या मागच्या कडेवर आदळला, सरळ वर उडाला आणि वरून आत पडला. बोस्टन 108, लेकर्स 106. फुगे छतालाच राहिले.

म्हणजे बघ, ’62 मध्ये रिंगेवरून बाहेर, ’69 मध्ये रिंगेवरून आत. वेस्टचं सगळं नाव त्या दोन टप्प्यांमध्ये लटकलंय.

त्या सातव्या सामन्यात वेस्टने, दुखऱ्या पायाने, 42 गुण केले, 13 रीबाउंड घेतले, 12 असिस्ट दिले. फायनलच्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार त्या वर्षीच सुरू झाला होता. पहिलाच पुरस्कार, आणि तो हरलेल्या संघाच्या वेस्टला मिळाला. त्यानंतर आजतागायत हरलेल्या संघातल्या कुणालाही तो मिळालेला नाही. वेस्ट नऊ फायनल खेळला, आठ हरला, त्यातल्या सहा बोस्टनकडून. 1972 साली एकदाची त्याला अंगठी मिळाली, पण त्या मालिकेत त्याचा चेंडू आतच जाईना. लेकर्सकडून सर्वोत्तम ठरला चेंबरलेन. डोक्यात शिरतंय का? वेस्ट आयुष्यातली सर्वोत्तम फायनल खेळला त्या वर्षी शून्य, आणि स्वतःच्या तोडीचा खेळला नाही त्या वर्षी एक. तुझ्या रकान्याने नेमकी उलटी नोंद केली. एनबीएच्या बोधचिन्हात चेंडू घेऊन पळणारी पांढरी आकृती आहे ना, ती रचनाकाराने याच माणसाच्या फोटोवरून काढली. तुझ्या शर्टावर आहे ती. छातीवर वेस्ट आणि भिंतीवर वेस्टची टिंगल.

बेलरचं तर विचारूच नको. आठ फायनल हरला. गुडघ्यांनी दगा दिला म्हणून 1971 च्या नोव्हेंबरात, मोसम जेमतेम सुरू झालेला असताना, निवृत्त झाला. त्याच्या पाठोपाठच्या सामन्यापासून लेकर्सने ओळीने 33 सामने जिंकले आणि मोसमाअखेर चॅम्पियनशिपही. लाल गोल काढलायस त्याच्या शून्याला. काढताना एवढं माहीत होतं?

मागून कोण बोललं? चौदा नंबर? ‘मग बाई, सगळं नशीबच म्हणायचं का?’ खबरदार. हरल्यावर नशिबाकडे बोट दाखवायला मी शिकवलेलं नाही. नशीब म्हणालास तर तू रसेलचाही अपमान करतोस. आणि सात नंबर, तू मघापासून रसेलच्या बाजूचा असल्यासारखा छाती काढून उभा आहेस, म्हणून तुलाच सांगते. सगळ्यात जास्त अन्याय तू त्याच्यावर केलायस.

सांग बघू, रसेल काय करायचा? नुसतं ‘11’ म्हणू नकोस. बोटं दहा आणि अंगठ्या अकरा, हा विनोद मलाही येतो. कोर्टावर काय करायचा ते सांग.

नाही ना येत? ऐक तर. 1969 च्या त्या शेवटच्या सामन्यात वेस्टचे गुण 42, रसेलचे किती? 6. सहा. वर 21 रीबाउंड. तेव्हा तो खेळाडू होता आणि संघाचा कोचही तोच. तो त्याच्या आयुष्यातला शेवटचा सामना होता. 1962 च्या सातव्या सामन्यात, सेल्वीचा चेंडू बाहेर पडला त्या रात्री, त्याचे गुण 30 आणि रीबाउंड 40. कारण संघाला त्या रात्री ते हवे होते. समोरच्याचा शॉट अडवताना तो चेंडू प्रेक्षकांत भिरकावून टाळ्या घेत नसे. हलकेच थोपटून आपल्या माणसाच्या हातात जाईल असा खाली आणायचा, आणि तिथून त्याचा संघ वाऱ्यासारखा सुटायचा. असे ब्लॉक त्याने किती केले? कुणालाच सांगता येणार नाही. एनबीएने ब्लॉकची अधिकृत नोंद ठेवायला सुरुवात केली 1973-74 च्या मोसमात, हा 1969 मध्येच थांबलेला. ज्या कामात त्याच्या तोडीचा दुसरा नव्हता, त्या कामाचा रकानाच नव्हता. मोठ्या सामन्याआधी पोटात गोळा येऊन त्याला उलटी व्हायची, आणि ती ऐकली की सहकाऱ्यांना धीर यायचा, म्हणजे गडी तयार आहे. याचा कुठला रकाना करशील?

तेरा वर्षांत 11. उरलेली दोन कुठली? 1958 आणि 1967. ’58 च्या फायनलमध्ये त्याचा घोटा गेला होता. ’67 मध्ये चेंबरलेनच्या फिलाडेल्फियाने सरळ हरवलं. आज फायनलच्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार रसेलच्याच नावाने देतात. त्याला स्वतःला तो कधीच मिळाला नाही. 11 लिहून तू मोकळा झालास. पाहिलं काहीच नाहीस.

चेंबरलेनला लोक दोनाचा म्हणतात. एका मोसमात सामन्यामागे 50 गुणांची सरासरी, एका सामन्यात 100, आणि नावापुढे काय, तर रसेलकडून हरणारा. ’69 च्या त्याच सामन्यात तो लेकर्सकडून खेळत होता आणि गुडघा दुखावला म्हणून शेवटी बाहेर बसला. थोड्या वेळाने म्हणाला, मला आत घ्या. कोच हट्टाला पेटला होता, घेतलं नाही. डाग कोचला लागला की चेंबरलेनला? आणि रसेलसारखा रसेल, तोही त्यावरून त्याला बोलला, कित्येक वर्षं दोघांत अबोला होता. शहाणी माणसंसुद्धा या रकान्याच्या नादी लागतात, मग याचं काय घेऊन बसलीस, असं मीच मला विचारते कधीकधी.

जिंकण्याला किंमत नाही असं मी म्हणत नाही, चौदा नंबर. वेस्टच्या मनातून त्या हारी जन्मभर गेल्या नाहीत, त्याने स्वतः सांगितलंय. खेळणाऱ्याला हार बोचलीच पाहिजे. बोचत नसेल तर त्याने उद्यापासून ग्राउंडवर येऊ नये. पण बोचायची ती त्याला. बाकावर शेंगदाणे खात बसलेल्याने ती काटा करून दुसऱ्याला टोचायची नाही. जर्मनीच्या डर्क नोविट्स्कीला लोक 2011 पर्यंत मऊ म्हणत होते. त्या जूनमध्ये डॅलसने फायनल जिंकली आणि तोच माणूस, तोच एका पायावरचा शॉट, रातोरात पोलादी झाला. बदललं काय, तर बोलणाऱ्यांची तोंडं.

आणि तुमच्या लाडक्या जॉर्डनच्या सहातल्या दोन बघा. 1993 ची निर्णायक बास्केट जॉन पॅक्सनची, 1997 ची स्टीव्ह कर्रची. कर्रला पास कुणी दिला? जॉर्डनने, दोघे अंगावर आले तेव्हा. त्या 1993 च्या फायनलमध्ये हरणारा कोण होता? बार्कली, तुझा दुसरा लाल गोल, जो त्या मोसमात साऱ्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता.

तक्त्यात एकही बाई नाही, हेही माझ्या नजरेतून सुटलेलं नाही. सिंथिया कूपर. ह्यूस्टनकडून ओळीने चार चॅम्पियनशिप, 1997 ते 2000, चारही वेळा फायनलची सर्वोत्तम खेळाडू. बायकांची ही लीग सुरू झाली तेव्हा तिचं वय 34. त्याआधीची उमेदीची वर्षं स्पेन-इटलीत खेळत गेली, कारण तिच्या देशात तोवर ही लीगच नव्हती. आणि इतकं लांब कशाला, आपल्या नागपाड्याचा अब्बास मुंतसिर, भारताचा कर्णधार, अर्जुन पुरस्काराचा मानकरी. भारताने आशियाचं अजिंक्यपद कधी जिंकलेलं नाही. काढ त्यालाही लाल गोल. जा, नागपाड्याच्या कोर्टावर जाऊन काढ, जिवंत परत आलास तर मला सांग.

आता शनिवार. ही बघा स्कोअरशीट, टेबलवरून मागून आणलीय. आपण 47, ते 48. अकरा नंबर 26, सात नंबर 4. शेवटची आठ सेकंदं, आपण एकाने पुढे. त्यांच्या पाच नंबरने शॉट मारला, चुकला. रिंगेवरून चेंडू परत आला आणि त्यांच्या नऊ नंबरने तो उचलून आत टाकला. इथे काय लिहिलंय? नऊ नंबर, 2 गुण. बस. नऊ नंबर कुणाचा माणूस होता?

बोल ना. आठवडाभर बॉक्स आउट शिकवलं, माणूस पाठीवर घ्यायचा आणि मगच वर बघायचं. तू काय केलंस? वर बघत उभा राहिलास, जत्रेत पाळणा बघावा तसा. स्कोअरशीटवर याचा रकाना नाही, म्हणून तुला वाटलं कुणी पाहिलं नाही. मी पाहिलं. अकरा नंबरनेही पाहिलं, तो तुझ्यापासून हातभर अंतरावर होता. गेले दोन दिवस तो एका शब्दाने बोलला नाही. आणि तू पेन्सिल घेऊन त्याच्या नावापुढे शून्य लिहिलंस.

रडायचं असेल तर नळावर जाऊन ये, मी थांबते. नाही? मग ऐक.

अकरा नंबर, तूही फार सरळ बसू नकोस. 26 केलेस, शाब्बास. तिसऱ्या क्वार्टरमध्ये चौदा नंबर डाव्या कोपऱ्यात चार वेळा मोकळा उभा होता, एकदा तरी पाहिलंस? त्याबद्दल तुझ्याशी वेगळं बोलणार आहे, सगळ्यांसमोर नाही.

उद्या सकाळी साडेसहा. शूटिंग नाही, कुणीही बास्केटकडे चेंडू फेकायचा नाही. मी बोर्डवर आपटीन आणि तुम्ही माणूस पाठीवर घ्याल, पाऊण तास. सात नंबरच्या पाठीवर अकरा नंबर. सात नंबर, आता स्टूल आण. कोपरे हळू सोडव, तक्त्याची मागची बाजू कोरी आहे, ती मला लागणार आहे. आणि सेलोटेपबरोबर भिंतीचा रंग निघाला तर तोही तूच लावायचास.